श्वास देणारी झडप

पाण्याखाली उतरलेल्या माणसाचा सारा भरवसा तोंडाशी असलेल्या एका लहानशा झडपेवर असतो. पाठीवरच्या टाकीतील हवा प्रचंड दाबाखाली कोंडलेली असते. ती थेट छातीत घेणे अशक्य. तो दाब भोवतालच्या पाण्याइतका उतरवून, श्वास घेतला जाईल तेवढीच हवा सोडणारे यंत्र म्हणजे रेग्युलेटर. सागरतळाचे दर्शन जगाला घडविणारे फ्रेंच नौदल अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो यांच्या आयुष्याची दिशा याच यंत्राने ठरविली.

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी बोर्दो शहराजवळील सँ-आंद्रे-द-क्युब्झाक येथे झाला. नौदलात शिरल्यावर वैमानिक होण्याची त्यांची मनीषा होती. परंतु १९३६ मध्ये मोटार अपघातात हातांना जबर दुखापत झाली आणि ते स्वप्न संपले. हातांत बळ यावे म्हणून तुलाँ येथे ते समुद्रात पोहू लागले. सहकारी फिलिप ताये यांनी दिलेला जलचष्मा लावून त्यांनी पाण्याखाली पाहिले आणि त्या जगाने त्यांना कायमचे वेड लावले.

अडचण होती ती श्वासाची. शुद्ध प्राणवायूची उपकरणे वापरून पाहताना कुस्तो यांना दोनदा झटके आले. थोडक्यात जीव वाचला. ठराविक खोलीखाली शुद्ध प्राणवायू मज्जासंस्थेला विषासमान ठरतो. ल प्रियर यांच्या उपकरणात दाबाखालची हवा होती. मात्र झडप हाताने फिरवावी लागे आणि अखंड वाहणारी हवा लवकर संपे. श्वासागणिक हवा देणारी झडप रूक्वेरोल आणि दनेरूझ यांनी १८६०च्या दशकातच तयार केली होती. पण भरपूर दाब सोसणाऱ्या टाक्या तेव्हा नव्हत्या.

डिसेंबर १९४२ मध्ये पॅरिसमध्ये कुस्तो ‘एअर लिक्विड’ कंपनीतील अभियंता एमिल गान्यां यांना भेटले. जर्मन अमलाखालील फ्रान्समध्ये पेट्रोल दुर्मीळ झाले होते. मोटारी गॅसवर चालविण्यासाठी गान्यां यांनी एक झडप सिद्ध केली होती. तीच पाण्याखालच्या श्वासासाठी बदलून घेण्यात आली.

पहिली चाचणी १९४३च्या आरंभी मार्न नदीत झाली आणि ती निराशाजनक ठरली. कुस्तो आडवे असताना श्वास सुरळीत चाले. उभे राहिले की हवा बुडबुड्यांवाटे वाया जाई आणि डोके खाली केले की श्वास ओढणे कठीण होई. दोघांनी विचार केला, तेव्हा दोष उमगला. उच्छ्वास बाहेर टाकणारे तोंड आणि हवा आत घेणारी झडप यांच्यात वीतभर अंतर होते. शरीर वळले की दोन्ही ठिकाणी पाण्याचा दाब वेगळा होई. ही दोन तोंडे शेजारी आणताच दोष नाहीसा झाला. जून १९४३ मध्ये बांदोल येथे कुस्तो समुद्रात उतरले. पत्नी सिमोन पृष्ठभागावरून लक्ष ठेवून होत्या. यंत्राने कोणत्याही स्थितीत दगा दिला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सहकारी फ्रेदेरिक द्युमा ६२ मीटर खोल जाऊन आले.

झडप निर्दोष असली तरी धोका संपत नाही, याचा धडा ऑगस्ट १९४६ मध्ये मिळाला. फॉन्तेन द व्होक्ल्यूझ या झऱ्याच्या गुहेत उतरलेले कुस्तो आणि द्युमा भान हरपून मरणाच्या दारातून परतले. टाक्यांतील हवा तपासली तेव्हा तीत कार्बन मोनॉक्साइड आढळला. हवा भरणाऱ्या यंत्राने स्वतःचाच धूर आत ओढला होता. रेग्युलेटरने आपले काम चोख केले होते. त्याने इमानाने विष पोहोचविले होते.

पुढच्याच वर्षी मोरीस फार्ग या सहकाऱ्याने खोलीची मर्यादा आजमावताना १२० मीटर गाठले आणि तेथून ते जिवंत परतले नाहीत. वर ओढून घेताना हवेची नळी तोंडातून सुटून छातीवर लोंबत असल्याचे दिसले. खोल पाण्यात नायट्रोजनची धुंदी चढते आणि माणूस आपल्या श्वासाचाही विसर पाडून घेतो. यंत्र शाबूत होते; माणूस हरपला होता.

पुढे ‘कॅलिप्सो’ नौकेवरील मोहिमांनी कुस्तो यांना जगभर कीर्ती दिली. त्यांच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटाने १९५६ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळविला. गान्यां कॅनडात स्थायिक झाले आणि झडपेच्या सुधारणेत गुंतून राहिले. २५ जून १९९७ रोजी पॅरिस येथे कुस्तो यांचे निधन झाले.

आजचा रेग्युलेटर त्याच तत्त्वावर चालतो. बिघाड झालाच तर हवा तुटण्याऐवजी ती वाहत राहावी, अशी त्याची रचना असते. मात्र मालवणजवळच्या तारकर्लीत असो वा भूमध्य सागरात, खाऱ्या पाण्यातून वर आलेले यंत्र तसेच ठेवले तर मिठाचे स्फटिक त्याची रबरी कडी झिजवतात आणि पडदा कडक होतो. म्हणून आधी हवेच्या तोंडाची टोपी कोरडी करून घट्ट बसवायची, मग यंत्र गोड्या पाण्यात बुडवून धुवायचे. दाब नसताना हवा सोडण्याचे बटण दाबायचे नाही, अन्यथा पाणी आत शिरते. ठरल्या मुदतीत जाणकाराकडून झिजलेले भाग बदलून घ्यायचे. कुस्तो आणि गान्यां यांनी दोष शोधून जो विश्वास मिळविला, तो टिकविण्यासाठी वापरणाऱ्याला दर खेपेस एवढे करावेच लागते.