ब्रेल यांचा दुसरा डोळा

पॅरिसच्या पूर्वेस असलेल्या कूव्रे या खेड्यात ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेल यांचा जन्म झाला. वडील घोड्यांची खोगिरे बनवीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या हत्यारांशी खेळत असताना आरी निसटून त्याच्या एका डोळ्यात घुसली. जखम चिघळली आणि विकाराने दुसऱ्या, धडधाकट डोळ्यालाही ग्रासले. पाच वर्षांचा होईपर्यंत मुलगा पूर्ण अंध झाला. याचा दोष कोणा एका वैद्याला देता येणार नाही. असा डोळा वाचविण्याची विद्याच त्या काळी वैद्यकापाशी नव्हती.

पुढील कथा सर्वपरिचित आहे. १८१९ मध्ये ते पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाले. तेथील पुस्तकांत उठावाची मोठमोठी अक्षरे असत. ती बोटांनी चाचपडत वाचणे जिकिरीचे होई. बार्बिये या लष्करी अधिकाऱ्याने बारा ठिपक्यांची लिपी योजिली होती. ब्रेल यांनी तिचे ठिपके सहांवर आणून अवघ्या पंधराव्या वर्षी नवी लिपी सिद्ध केली. १८२९ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्याच संस्थेत ते शिक्षक झाले. परंतु लिपीला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ मध्ये. त्यापूर्वी दोन वर्षे, ६ जानेवारी १८५२ रोजी, क्षयाने त्यांचे निधन झाले होते.

या कर्तृत्वाचा गौरव करताना त्या दुसऱ्या डोळ्याचा विसर पडतो. ब्रेल यांच्या काळी विद्या नव्हती. आज ती आहे, परंतु ती खेड्यातील मुलापर्यंत पोचत नाही. भारतात अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. शाळांतील नेत्रतपासणी हा त्याचाच एक भाग. तथापि, नेत्रतज्ज्ञ बव्हंशी शहरांत एकवटले आहेत आणि मुलांच्या डोळ्यांचे तज्ज्ञ त्याहूनही विरळ. शिक्षकाने तक्ता वाचून घेतला, दोष हेरला, तरी पुढे तपासणार कोण? तालुक्याहून जिल्ह्याला जायचे तर पालकाची मजुरी बुडते. मंद दृष्टीवरील उपचार बालवयातच करावे लागतात. रुग्णालयातील रिक्त पद भरेपर्यंत मुलाचे वय थांबत नाही. शिवाय जन्मापासून अंधुकच पाहणारे मूल तक्रार तरी कशी करणार?

ब्रेल यांनी अंधांना अक्षर दिले. ज्याची दृष्टी वाचविणे शक्य आहे, अशा मुलावर ते अक्षर शिकण्याची पाळी येऊ न देणे, हे मात्र शासनाचे व समाजाचे काम आहे.