आखाडा ते पडदा... दारासिंग!

होस्टेलवर कोणी जरा छाती पुढे काढून चालला, की स्वतःला काय दारासिंग समजतोस का, असं कोणीतरी विचारतंच. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांची एकही कुस्ती पाहिलेली नाही. तरी नाव तोंडात आहेच!

दारासिंग रंधावा यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९२८ रोजी अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचक गावी, शेतकऱ्याच्या घरात झाला. १९४७ साली ते सिंगापूरला गेले, पण पैलवान व्हायला नव्हे, पोटासाठी. तिथे ड्रम बनवणाऱ्या कारखान्यात काम केलं. सहा फुटांहून जास्त उंची आणि भक्कम अंगकाठी बघून लोकांनीच त्यांना कुस्तीकडे ढकललं. हरनामसिंग हे वस्ताद भेटले आणि गाडी रुळावर आली.

भारतात परतल्यावर १९५४ मध्ये ते रुस्तम-ए-हिंद झाले. १९५९ मध्ये कोलकात्यात जॉर्ज गॉर्डिएन्कोला हरवून राष्ट्रकुल विजेतेपद मिळवलं. जवळपास २०० किलोच्या किंग काँग या पैलवानाबरोबरच्या त्यांच्या लढती तर प्रचंड गाजल्या. १९६८ मध्ये आपल्या मुंबईत त्यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. आता खरं सांगायचं तर थेझ तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता, आणि दोरांच्या रिंगमधली ही फ्रीस्टाइल म्हणजे निम्मी कुस्ती, निम्मा खेळ. मातीतले जाणकार नाक मुरडायचे. पण स्टेडियम भरायचं ते दारासिंगच्या नावावर, हेही तितकंच खरं.

एव्हाना सिनेमावाल्यांचं लक्ष गेलं होतंच. १९६२ चा 'किंग काँग' आणि १९६३ चा 'फौलाद' चालला, आणि तलवारी, राजवाडे, मारामाऱ्या अशा स्टंटपटांची रांगच लागली. बजेट कमी आणि शूटिंग झटपट. त्यांचं हिंदी पंजाबी वळणाचं, म्हणून बऱ्याच सिनेमांत आवाज दुसऱ्याचाच! बड्या नायिका या सिनेमांपासून लांब राहायच्या. तेव्हा नवखी असलेली मुमताज मात्र उभी राहिली, आणि दोघांनी मिळून सोळा सिनेमे केले. तिच्यावरही स्टंटपटांची नायिका असा शिक्का बसला. तो पुसून ती पुढे मोठी स्टार झाली. दारासिंग मात्र त्याच शिक्क्यासकट काम करत राहिले. समीक्षकांनी बी-ग्रेड म्हटलं, पण पिटातल्या पब्लिकने डोक्यावर घेतलं.

आणि गंमत बघा. १९८३ मध्ये कुस्तीतून निवृत्त झालेला हा माणूस १९८७ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, रामानंद सागर यांच्या 'रामायण'मध्ये हनुमान म्हणून घराघरात पोचला. ज्या आवाजावर डबिंगची पाळी आली होती, तोच माणूस आता देशभर भक्तिभावाने बघितला जात होता. २००३ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले. १२ जुलै २०१२ रोजी मुंबईत जुहूच्या घरी त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, हवी ती ब्रँच मिळाली नाही म्हणून पहिल्या सेमपासून तोंड पाडून बसलेले आपल्यात कमी नाहीत. कारखान्यातला कामगार पैलवान झाला, पैलवान नट झाला, आणि प्रत्येक वळणावर तू इथला नाहीस असं म्हणणारे भेटलेच. त्यांच्याशी हुज्जत घालत बसण्यापेक्षा या माणसाने पुढची कुस्ती मारली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे!