फाशांच्या दुनियेचा नियमकर्ता

१९७४ सालच्या जानेवारीत अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या लेक जिनिव्हा या लहानशा गावात एक हजार खोकी विक्रीसाठी तयार झाली. प्रत्येक खोक्यात तीन बारीक पुस्तिका होत्या आणि किंमत होती दहा डॉलर. खोक्यावर नाव होते ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. हा पट नसलेला, सोंगट्यांवाचूनही खेळता येणारा आणि शेवटी कोणीच जिंकत वा हरत नसलेला खेळ होता. एकाने सूत्रधार व्हायचे, भुयारांचे आणि राक्षसांचे जग शब्दांनी उभे करायचे. बाकीच्यांनी योद्धा, मांत्रिक किंवा धर्मोपदेशक होऊन त्या जगात शिरायचे आणि घाव लागला की हुकला हे फाशांवर सोडायचे. ती हजार खोकी खपायला जवळजवळ वर्ष लागले. हा खेळ पुस्तकरूपात आणणाऱ्या गॅरी गायगॅक्स यांना तेव्हा घर चालवण्यासाठी तळघरात बसून जोडे दुरुस्त करावे लागत होते.

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक. गॅरी आठ वर्षांचे असताना कुटुंब लेक जिनिव्हाला आले आणि ते गाव त्यांना जन्मभरासाठी चिकटले. शाळा त्यांनी अर्धवट सोडली. बुद्धिबळ, पत्ते, अद्भुतकथांची स्वस्त मासिके आणि पटावरची लढाई यांतच त्यांचे मन रमे. पुढे विमा कंपनीत नोकरी लागली, लग्न झाले, संसार वाढला. पण फावल्या वेळात शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणे सुटले नाही. १९६८ मध्ये त्यांनी गावातील एक सभागृह पन्नास डॉलर भाड्याने घेऊन अशा खेळाडूंचा मेळावा भरवला. ‘जेनकॉन’ या नावाने तो आजही दरवर्षी भरतो. १९७० मध्ये विमा कंपनीतील नोकरी गेली आणि छंद हाच व्यवसाय करण्याची निकड निर्माण झाली.

१९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासह त्यांनी ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक काढले. त्याच्या शेवटी मांत्रिक आणि ड्रॅगन यांच्यासाठी एक पुरवणी जोडलेली होती. शेजारच्या मिनेसोटा राज्यातील डेव्ह आर्नेसन यांनी ही पुरवणी उचलली आणि वेगळ्याच वाटेने नेली. त्यांच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात प्रत्येक खेळाडू सैन्याऐवजी एकाच पात्राचा धनी असे आणि ते पात्र एका डावातून दुसऱ्या डावात अनुभवाने मोठे होत जाई. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी हा प्रयोग लेक जिनिव्हाला येऊन दाखवला. कल्पनेची ठिणगी आर्नेसन यांची, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यांच्या विस्कळीत टिपणांतून परक्या माणसाला खेळता येईल अशी रचना उभारली ती गायगॅक्स यांनी. पहिला मसुदा सुमारे पन्नास पानांचा झाला. प्रकाशक मिळेना, तेव्हा डॉन के या बालमित्राबरोबर प्रत्येकी हजार डॉलर घालून त्यांनी ‘टीएसआर’ ही संस्था काढली. दोन हजार डॉलर घेऊन ब्रायन ब्लूम पुढे आले आणि छपाई झाली.

त्या पुस्तिका सोप्या होत्या असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्या तोकड्या होत्या. वाचकाकडे ‘चेनमेल’ आहेच असे लेखकांनी गृहीत धरले होते आणि कित्येक गोष्टी सांगायच्याच राहून गेल्या होत्या. गोंधळलेल्या एका वाचकाने, केन सेंट आंद्रे यांनी, १९७५ मध्ये स्वतःचा सुटसुटीत खेळच लिहून काढला. इतरांनी पत्ते खेळताना ‘आमच्याकडे असे चालते’ म्हणतात तसे गावोगाव आपापले नियम घातले. लेखकांचीही तीच अपेक्षा होती. तिसऱ्या पुस्तिकेच्या अखेरीस त्यांनी वाचकांना सुचवले होते की अडेल तिथे आम्हाला विचारण्यापेक्षा स्वतःची कल्पना चालवा.

ही भूमिका चार-पाच वर्षांत पार बदलली. पुरवण्यांमागून पुरवण्या निघाल्या, शंकांची पत्रे वाढली आणि स्पर्धा भरवायच्या तर सर्वांचे नियम एक हवेत अशी गरज पुढे आली. १९७७ मध्ये कंपनीने एकाच वेळी दोन वाटा धरल्या. एका वाटेवर जे. एरिक होम्स यांनी नवख्यांसाठी संपादित केलेला प्राथमिक संच होता, तर दुसरीवर गायगॅक्स यांचा ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्याचा राक्षसकोश १९७७ मध्ये आला, खेळाडूंचे पुस्तक १९७८ मध्ये आणि सूत्रधाराचे १९७९ मध्ये. हे शेवटचे पुस्तक म्हणजे दोनशेहून अधिक पानांचे एक अजब भांडार आहे. कोणते शस्त्र किती चपळ, रोगाची लागण होण्याची शक्यता किती, कोणत्या रत्नात कोणता गुण, सारे कोष्टकांत बसवलेले. गायगॅक्स यांच्या जड, जुन्या वळणाच्या, शब्दकोश उघडायला लावणाऱ्या इंग्रजीचा एक पंथच त्यामुळे निर्माण झाला. लढाईत पहिला घाव कोणाचा, एवढ्याच प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी पुढे चाहत्यांना अनेक पानांचे टिपण तयार करावे लागले.

या विस्ताराला पैशाचीही बाजू होती. नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर एकट्या गायगॅक्स यांचे नाव होते आणि कंपनीच्या मते हा खेळच वेगळा असल्याने आर्नेसन यांचा त्यावरील मानधनाशी संबंध नव्हता. आर्नेसन यांनी १९७९ मध्ये दावा लावला. १९८१ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. खेळ खरोखर वेगळा होता की वेगळा म्हणणे सोयीचे होते, याचे उत्तर दोन्ही संच शेजारी ठेवणाऱ्याला फार शोधावे लागत नाही. १९८२ च्या सुमारास तर गायगॅक्स ‘ड्रॅगन’ मासिकातून बजावू लागले की नियमांत मन मानेल तसे फेरफार करणारा हा खेळ खेळतच नाही. आठ वर्षांपूर्वी कल्पना चालवा म्हणणारा हाच माणूस होता.

कीर्ती आणि किटाळ दोन्ही एकदमच आली. खेळामुळे मुले सैतानाच्या नादी लागतात असा ओरडा अमेरिकेत झाला आणि १९८५ मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांना खेळाची बाजू मांडावी लागली. मधल्या काळात ते चित्रपट आणि व्यंगचित्रमालिकेच्या कामासाठी हॉलिवूडमध्ये होते. इकडे कंपनी कर्जात बुडत चालली होती. परत येऊन त्यांनी सूत्रे हाती घेतली, नवी पुस्तके काढून पैसा उभा केला. पण ऑक्टोबर १९८५ मध्ये लॉरेन विल्यम्स यांनी ब्लूम बंधूंचे समभाग विकत घेतले आणि कंपनीचा ताबा गेला. ते न्यायालयात हरले आणि १९८६ च्या अखेरीस बाहेर पडले. दुसऱ्या आवृत्तीचा त्यांनी मनाशी केलेला आराखडा तसाच राहिला. १९८९ ची दुसरी आवृत्ती डेव्हिड कुक यांच्या हातून झाली आणि टीकाकारांना खुपणारे असुर-सैतान त्यातून नावानिशी वगळले गेले.

त्यानंतरचा प्रवास अधिक बोलका आहे. १९९२ मध्ये गायगॅक्स यांनी ‘डेंजरस जर्नीज’ हा नवा खेळ आणला. त्याचे मुख्य पुस्तक इतके बोजड होते की आतच एक सोपी आवृत्ती वेगळी द्यावी लागली. जुन्या कंपनीने लगेच दावा लावला आणि १९९४ मध्ये तडजोडीत खेळच विकत घेऊन बासनात बांधला. यानंतर १९९९ मध्ये त्यांनी काढलेला ‘लेजेंडरी ॲडव्हेंचर’ मुद्दामच मोजक्या नियमांचा होता.

‘टीएसआर’ १९९७ मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने घेतली. नव्या मालकांनी जुन्या माणसाशी सलोखा केला, ‘ड्रॅगन’मध्ये सदरही दिले. २००० ची तिसरी आवृत्ती मात्र त्यांना रुचली नाही. तिने जुना गुंता सोडवून जवळपास सारी यंत्रणा वीस बाजूंच्या एका फाशावर आणली होती, पण प्रत्येक कृतीला नियम आणि प्रत्येक पात्राला कौशल्यांची यादी जोडली होती. सूत्रधाराचा निर्णय मागे पडतो आणि खेळाडू पात्राच्या ताकदीचीच गणिते करतो, अशी त्यांची तक्रार होती. दोनशे पानांची कोष्टके लिहिणाऱ्याने ती करावी, याची गंमत अनेकांना वाटली.

२००४ मध्ये पक्षाघाताचे झटके आले. काम कमी झाले, खेळणे थांबले नाही. जानेवारी २००८ पर्यंत लेक जिनिव्हाच्या घरी आठवड्याचा डाव भरत होता. ४ मार्च २००८ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले, वयाच्या ६९ व्या वर्षी. तीन महिन्यांनी खेळाची चौथी आवृत्ती बाजारात आली आणि खेळाडूंत तिच्यावरून उभी फूट पडली. पुढच्या वर्षी, एप्रिल २००९ मध्ये, आर्नेसनही गेले. २०१४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने बरेच नियम छाटले आणि अडलेल्या जागी निर्णय पुन्हा सूत्रधाराकडे दिला. तिच्या श्रेयनामावलीत मूळ खेळाचे कर्ते म्हणून गायगॅक्स आणि आर्नेसन ही दोन नावे एका ओळीत छापली आहेत.