मुक्या नाण्यांना बोलतं करणारे कोसंबी

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आपल्या लेकीसुना दिवसभर आकड्यांचे तक्ते घेऊन बसतात. तक्त्यातून एक सरासरी काढायची, तिला नाव द्यायचं आणि पुढच्या हिशेबात आकड्याऐवजी ते नावच वापरायचं, ही त्यांच्यातल्या कित्येकींची रोजची रीत. मैत्रिणींनो, तक्त्यातून एकच कामाचा आकडा काढायचं हे काम पुण्यातल्या गणिताच्या एका प्राध्यापकांनी संगणकाशिवाय, हाताने केलं होतं. त्यांचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

जन्म गोव्यातला, ३१ जुलै १९०७चा. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. दामोदर अमेरिकेत हार्वर्डला शिकून १९२९ साली परतले आणि काही वर्षांनी फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले.

तक्षशिलेला चांदीची प्राचीन नाणी सापडली होती. त्यांच्यावर ना राजाचं नाव, ना साल, नुसते ठसे. मग आधीचं कुठलं नि नंतरचं कुठलं, हे ठरवायचं कसं? कोसंबींनी अगदी घरगुती म्हणावा असा विचार केला. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. वजन उतरतं, आणि सगळी सारखी झिजत नाहीत म्हणून त्यांच्यातला फरकही वाढतो. शिवाय नाण्याच्या पाठीवर बारीक खुणा असत. वापर जास्त तशा खुणाही जास्त. एकेक नाणं तोलून त्यांनी खुणांप्रमाणे गट पाडले नि प्रत्येक गटाचं सरासरी वजन काढलं. खुणा वाढल्या तसं वजन कमी होत गेलेलं दिसलं. नाण्यांचा क्रम लागला! पद्धत पारखायला बाजारातली चालू नाणीही त्यांनी तोलली. त्यांच्यावर साल छापलेलं असतंच ना.

१९४४मध्ये त्यांनी जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र मांडलं. ते आजही त्यांच्याच नावाने वापरतात. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी १९६२पर्यंत काम केलं. पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा असे.

पण त्यांचं पाऊल रमायचं ते आपल्या भागात. वाकडचा म्हातोबा, हिंजवडीचं बगाड, सटवाई, बोल्हाई. शिकलेली माणसं ज्याला बायकांचं खूळ म्हणून सोडून देत, त्यातही त्यांना इतिहास दिसला. १९६२च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त हे सारं आहे.

२९ जून १९६६ला पुण्यात ते गेले. त्यांच्या कन्या मीरा कोसंबी यांनी पुढे पंडिता रमाबाईंचं लेखन इंग्रजीत आणलं.