मनातला प्रतिस्पर्धी

यामाओका तेस्शू हा जपानमधील थोर खड्गवीर. त्याचा जन्म १८३६ साली एदो नगरात, म्हणजेच आजच्या टोकियोत झाला. आईबापांचे छत्र लहान वयातच हरपले. तरी त्याने तलवारीच्या सरावात कधी खंड पडू दिला नाही.

पुढे आसारी नावाच्या एका कसलेल्या गुरूशी त्याचा सामना झाला. तीत तेस्शू हरला आणि नम्रपणे त्याचा शिष्य बनला. पण त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. तलवार उचलली, की आसारीची मूर्ती पर्वतासारखी त्याच्यापुढे उभी राही आणि त्याचे हातपाय खिळून जात.

यावर उपाय म्हणून तो झेन पंथाच्या रीतीने ध्यान करी. आपला ‘ध्यान’ हा शब्दच चीनमार्गे जपानात जाऊन ‘झेन’ झाला आहे. हाती असलेल्या कामात त्या क्षणी पूर्णपणे रमावे, अशी या पंथाची शिकवण आहे.

१८६८ साली सम्राटाची सेना एदोवर चालून आली. नगराची राखरांगोळी होण्याची वेळ आली होती. तेव्हा तेस्शू तहाचे बोलणे करण्यासाठी शत्रूच्या सैन्यातून उघडपणे चालत गेला आणि सेनापती साइगोला भेटला. पुढे एदोचा किल्ला न लढता सम्राटाच्या स्वाधीन झाला व सहस्रावधी लोकांचे प्राण वाचले.

खऱ्या सैन्याला न भ्यालेल्या या वीराला मनातला आसारी मात्र सोडीत नव्हता! एकदा एका व्यापाऱ्याने त्याला आपला अनुभव सांगितला. नफातोट्याची धास्ती घेतली, की व्यवहार फसे. ती सोडून काम केले, की धंदा नीट चाले. हे बोल तेस्शूच्या मनात खोल रुजले. १८८० सालच्या मार्च महिन्यात, एके पहाटे ध्यानास बसला असता, आसारीची मूर्ती दिसेनाशी झाली. तो पुन्हा गुरूसमोर उभा राहिला, तेव्हा गुरूने तलवार खाली ठेवून त्याची थोरवी मान्य केली.

तेस्शूने स्वतःचा आखाडा काढला. तेथे शिष्याला एका दिवसात २०० लढती द्याव्या लागत. दमलेल्या देहात हारजितीचा विचार उरत नसे. उरे फक्त समोरचा वार. १८८८ साली, ध्यानाला बसलेल्या स्थितीतच, तेस्शूने देह ठेवला. बाहेरच्या शत्रूपेक्षा मनातली धास्ती जिंकणे कठीण, पण तीच खरी जीत, हे त्याने जगून दाखविले.