कीबोर्डचे जनक ख्रिस्तोफर शोल्स : गेमसाठी कीबोर्ड घेण्याआधी वाचावं असं चरित्र



परीक्षा संपून सुट्टी लागली की घराघरात एक मागणी सुरू होते. गेम खेळायला चांगला कीबोर्ड हवा! दुकानात गेलात तर काही शे रुपयांपासून दहा हजारांच्या पुढेपर्यंत कीबोर्ड मिळतात. खोक्यावर रंगीत दिव्यांचे फोटो आणि मोठमोठे शब्द छापलेले असतात. त्यातला नेमका कोणता घ्यायचा? पैसे आईबाबांच्या कष्टाचे आहेत, म्हणून हा प्रश्न वाटतो तितका छोटा नाही.

आज आपण ज्या माणसाने या कळा पहिल्यांदा आपल्या बोटांखाली आणल्या, त्याचं चरित्र पाहणार आहोत. दीडशे वर्षांपूर्वी त्याला एकच चिंता होती. कळा भराभर दाबल्या तर यंत्र साथ देईल का? गेम खेळणाऱ्याचीही हीच चिंता असते. चला तर मग, जाणून घेऊया ख्रिस्तोफर लॅथम शोल्स यांच्याविषयी.

जन्म आणि छापखान्यातील दिवस

शोल्स यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या मूर्सबर्ग या गावी झाला. किशोरवयातच ते छापखान्यात उमेदवारी करू लागले. त्या काळी शिशाचा एकेक खिळा उचलून, ओळीत लावून पान तयार करावं लागे. अक्षर ही हाताने हलवायची वस्तू आहे, हे त्यांनी लहानपणीच अनुभवलं.

१८३७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते विस्कॉन्सिनला गेले. तिथे त्यांनी वर्तमानपत्रं चालवली, संपादक म्हणून नाव कमावलं. १८४८ मध्ये विस्कॉन्सिन राज्य झालं आणि शोल्स तिथल्या सिनेटवर निवडून आले. पुढे १८५३ मध्ये विस्कॉन्सिनने फाशीची शिक्षा रद्द केली. त्यासाठी झटणाऱ्यांत शोल्स पुढे होते. नंतर मिलवॉकी बंदरावर ते जकात अधिकारी झाले. म्हणजे पाहा, ज्या शोधामुळे आपण त्यांना ओळखतो, तो लागेपर्यंत त्यांचं वय पन्नाशीला टेकलं होतं.

पृष्ठक्रमांकाच्या यंत्रातून सुचलेली कल्पना

मिलवॉकीतील क्लाइनस्टॉयबर यांच्या कारखान्यात शोल्स आणि त्यांचे मित्र सॅम्युअल सूल एक यंत्र बनवत होते. वह्यापुस्तकांच्या पानांवर ओळीने क्रमांक छापण्याचं काम ते करणार होतं. १८६६ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. त्याच कारखान्यात कार्लोस ग्लिडन नावाचे गृहस्थ नांगराच्या सुधारणेवर काम करत असत. आकडे छापता येतात तर अक्षरं का नाही, असं त्यांनी शोल्स यांना सुचवलं. १८६७ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकात लिहिण्याच्या एका यंत्राची माहिती आली आणि ही कल्पना शोल्स यांच्या मनात पक्की रुजली.

सुरुवात अगदी साधी होती, बरं का! तारायंत्राची एक जुनी कळ घेऊन त्यांनी एकच अक्षर छापणारा नमुना केला. ते अक्षर डब्ल्यू होतं, असं सांगतात. आज बहुतेक गेममध्ये पुढे जायला आपण हीच कळ दाबतो! हा अर्थात निव्वळ योगायोग.

२३ जून १८६८ रोजी शोल्स, ग्लिडन आणि सूल यांना टंकयंत्राचं पेटंट मिळालं. तेव्हा कळा पियानोच्या पट्ट्यांसारख्या होत्या आणि अक्षरं वर्णक्रमाने मांडलेली होती. त्या जुन्या क्रमाची खूण आजही दिसते. कीबोर्डची मधली ओळ पाहा : डी, एफ, जी, एच, जे, के, एल. मधली ई आणि आय ही दोनच अक्षरं तिथून उठून वरच्या ओळीत गेली आहेत.

अडकणाऱ्या दांड्या

त्या यंत्रात प्रत्येक कळेला धातूची एक दांडी जोडलेली होती. दांडीच्या टोकाला अक्षर. कळ दाबली की दांडी उसळून कागदावर आपटायची. सावकाश टाइप केलं तर सगळं ठीक. पण शेजारच्या दोन दांड्या पाठोपाठ उसळल्या की एकमेकींत अडकायच्या. शिवाय ठसा कागदाच्या खालच्या बाजूने उमटत असल्यामुळे टाइप करणाऱ्याला चूक लगेच दिसतही नसे.

शोल्स यांनी अक्षरांच्या जागा पुन्हा पुन्हा बदलल्या. त्यातून हळूहळू क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय अशी सुरू होणारी ओळ तयार झाली. तिलाच आपण क्वर्टी म्हणतो. दांड्या अडकू नयेत म्हणूनच ही मांडणी झाली, असं बहुतेक पुस्तकांत वाचायला मिळतं. जपानच्या क्योतो विद्यापीठातील संशोधकांनी मात्र वेगळं मत मांडलं आहे. सुरुवातीला ही यंत्रं वापरणाऱ्या तारायंत्रचालकांच्या गरजेनुसार अक्षरं सरकत गेली, असं ते म्हणतात. कारण कोणतंही धरा, मांडणी ठरली ती वापरणाऱ्याच्या बोटांकडे पाहून.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. आजच्या कीबोर्डमध्ये दांड्या नाहीत, पण अडकण्याची अडचण वेगळ्या रूपात शिल्लक आहे. साध्या कीबोर्डमध्ये कळांच्या तारा उभ्याआडव्या जाळीत जोडलेल्या असतात. काही विशिष्ट तीन कळा एकदम दाबल्या की आत गोंधळ होतो आणि एखादी कळ नोंदवलीच जात नाही. निबंध टाइप करताना हे जाणवत नाही. गेममध्ये मात्र तिरकं धावता धावता उडी मारायची असते, म्हणजे तीन-चार कळा एकदम दाबाव्या लागतात. तिथे पात्र जागेवरच उभं राहतं!

म्हणून खोक्यावर अँटी-घोस्टिंग किंवा एन-की रोलओव्हर हे शब्द शोधा. एन-की रोलओव्हर म्हणजे कितीही कळा एकदम दाबल्या तरी प्रत्येक कळ वेगळी ओळखली जाते. अँटी-घोस्टिंग लिहिलं असेल तर ते किती कळांपुरतं आहे, हे जरूर विचारा. कधी कधी ते मोजक्याच कळांपुरतं असतं.

कठोर परीक्षक

१८६७ च्या सुमारास जेम्स डेन्समोर या व्यावसायिकाने यंत्र न पाहताच ६०० डॉलर देऊन त्यात पाव हिस्सा घेतला. माणूस तापट, पण जिद्दी. यंत्र जगात टिकायचं असेल तर ते आधी जगाच्या हातात द्यायला हवं, हे त्यांनी ओळखलं होतं.

त्यांनी नमुने वॉशिंग्टनमधील लघुलेखक जेम्स क्लेफेन यांच्याकडे पाठवले. क्लेफेन दिवसभर जोरजोरात टाइप करायचे आणि एकामागून एक यंत्र मोडून टाकायचे. वर दोषांची यादी पाठवायचे ती वेगळीच! शोल्स वैतागले, काम सोडून द्यावं असं त्यांना वाटू लागलं. डेन्समोर यांनी त्यांची समजूत घातली. दोष आत्ताच कळलेले बरे, असं त्यांचं म्हणणं होतं. शोल्स पुन्हा कामाला लागले आणि प्रत्येक नवा नमुना आधीच्यापेक्षा मजबूत होत गेला.

मित्रांनो, कीबोर्ड घेताना तुम्हीही थोडे क्लेफेन व्हा! दुकानदाराला विनंती करून कीबोर्ड जोडून घ्या. नोटपॅड उघडा, दोन्ही शिफ्ट कळा दाबून धरा आणि एखादं इंग्रजी वाक्य टाइप करा. अक्षरं गळाली तर त्या कीबोर्डची मर्यादा तिथेच कळेल.

कळांचा स्पर्शही तपासा. स्वस्त कीबोर्डमध्ये कळांखाली रबराचा पडदा असतो. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेला स्वतंत्र स्विच असतो. त्याचे मुख्य प्रकार तीन. सरळ खाली जाणारा, मध्ये हलकासा अडथळा जाणवणारा आणि टिक असा आवाज करणारा. अनेक कंपन्या त्यांना अनुक्रमे लाल, तपकिरी आणि निळा रंग देतात. नेहमीच्या स्विचमध्ये कळ साधारण ४ मिलिमीटर खाली जाते, पण २ मिलिमीटरच्या आसपासच तिची नोंद होते. त्यामुळे ती तळापर्यंत दाबावी लागत नाही. वेगवान गेमसाठी बरेच जण लाल स्विच पसंत करतात. निळ्याचा आवाज मोठा असतो. रात्री घरात कोणी झोपलेलं असेल, तर तो टाळलेलाच बरा.

रेमिंग्टनशी करार

१ मार्च १८७३ रोजी यंत्र तयार करण्यासाठी रेमिंग्टन कंपनीशी करार झाला. ही कंपनी बंदुका आणि शिलाई यंत्रं बनवायची. म्हणूनच १८७४ मध्ये बाजारात आलेलं टंकयंत्र शिलाई मशीनसारखं दिसत होतं. त्यावर फुलांची नक्षी होती आणि नव्या ओळीवर जाण्यासाठी पायाचा पेडल होता. किंमत १२५ डॉलर, म्हणजे त्या काळी बरीच मोठी रक्कम. नक्षी सुंदर, पण छापता यायची फक्त मोठी इंग्रजी अक्षरं! खप बेताचाच झाला. १८७८ मध्ये शिफ्ट कळ असलेलं दुसरं यंत्र आलं, मोठी आणि लहान दोन्ही अक्षरं छापता येऊ लागली. मग हळूहळू मागणी वाढत गेली.

यातून काय घ्यायचं? नक्षीने खप वाढला नाही, उपयोगाने वाढला. रंगीत दिव्यांमुळे कीबोर्ड वेगवान होत नाही. त्याऐवजी आकाराकडे लक्ष द्या. पूर्ण कीबोर्डला साधारण १०४ कळा असतात. आकड्यांचा उजवीकडचा भाग नसलेल्या कीबोर्डला ८७ असतात. लहान कीबोर्डमुळे माउस जवळ येतो आणि खांदा फार ताणला जात नाही. पण घरात कोणी हिशेबाचं काम करत असेल, तर आकड्यांचा भाग हवाच. मनगट वर वाकलेलं राहणार नाही, एवढी उंचीही पाहा. तासन्‌तास खेळून मनगट दुखायला लागलं, तर महागडा कीबोर्डही कामाचा नाही.

शेवटची वर्षे

शोल्स यांनी आपले हक्क १२,००० डॉलरला विकून टाकले. डेन्समोर यांनी प्रत्येक यंत्रामागे मानधन घ्यायचं ठरवलं आणि ते श्रीमंत झाले. शोल्स मात्र क्षयाने आजारी असतानाही सुधारणा करतच राहिले. १७ फेब्रुवारी १८९० रोजी मिलवॉकी येथे त्यांचं निधन झालं. त्यांनी शेवटी तयार केलेल्या एका यंत्राचं पेटंट मृत्यूनंतर, १८९६ मध्ये मिळालं. आणि गंमत म्हणजे त्यात अक्षरांची मांडणी क्वर्टीपेक्षा वेगळी होती! साऱ्या जगाने जी मांडणी कायमची मानली, ती खुद्द तिच्या जनकाला अंतिम वाटत नव्हती.

या यंत्रामुळे स्त्रियांना नोकरीची नवी वाट मिळाली, याचं समाधान मात्र शोल्स यांना अखेरपर्यंत होतं. आपल्याकडेही तालुक्याच्या गावी टायपिंग क्लास निघाले. मराठी ३०, इंग्रजी ४० अशा परीक्षा देऊन कितीतरी मुलामुलींनी सरकारी कचेरीत पहिली नोकरी मिळवली. आज इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी टाइप करतो, तेही याच कळांवर. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. म्हणजे गेमसाठी घेतलेला कीबोर्ड उद्या परीक्षेच्या सरावालाही चालेल. घेताना हेही ध्यानात असू द्या.

करून पाहा

१. घरातल्या कीबोर्डवर शिफ्टची चाचणी घ्या. कोणती अक्षरं गळतात ते वहीत लिहा.
२. टाइपरायटर हा शब्द इंग्रजीत लिहा. त्याची सगळी अक्षरं कीबोर्डच्या कोणत्या ओळीत सापडतात?
३. नवा कीबोर्ड घ्यायचा असेल तर त्याच्याकडून हवी असलेली तीन कामं लिहा आणि मगच आईबाबांना दाखवा. यादीत रंगीत दिवे कितव्या क्रमांकावर आले, तेही पाहा!