जॉर्ज बुश

अमेरिकेतील मिसूरी राज्यात जॉर्ज वॉशिंग्टन बुश नावाचे एक सधन गृहस्थ राहत असत. गुरांच्या व्यापारात त्यांनी चांगला पैसा मिळविला होता. परंतु ते वर्णाने काळे होते आणि मिसूरीत त्या काळी गुलामगिरी चालू होती. बुश स्वतः गुलाम नव्हते. तरीही काळ्या माणसाने तेथे मानाने राहणे कठीणच! म्हणून १८४४ साली पत्नी इझाबेला व पाच मुलगे यांना घेऊन ते पश्चिमेकडील ऑरेगन प्रांताकडे निघाले. वाट सुमारे २,००० मैलांची, आणि वाहन म्हणजे बैलगाडी. बरोबरच्या गरीब कुटुंबांना प्रवासाचे साहित्य मिळवून देण्यास बुश यांनी स्वतःच्या पैशाने साहाय्य केले.

ऑरेगनला पोहोचतात तो वेगळीच वार्ता कानी आली. काळ्या लोकांनी त्या प्रांतात राहू नये, राहिल्यास फटक्यांची शिक्षा व्हावी, असा कायदा त्याच वर्षी तेथे झाला होता. आता जावे कोठे? कोलंबिया नदीच्या उत्तरेकडील मुलखावर इंग्लंड व अमेरिका दोघेही हक्क सांगत होते. त्यामुळे तेथे या कायद्याचा हात पोहोचत नव्हता. बुश यांनी तिकडची वाट धरली. त्यांचे मित्र मायकेल सिमन्स व इतर काही गोरी कुटुंबेही त्यांची संगत न सोडता निघाली. १८४५ मध्ये प्यूजेट सागरशाखेच्या दक्षिण टोकाजवळ त्यांनी वस्ती केली. बुश यांनी तेथील माळ नांगरून गहू पिकविला आणि मूळ रहिवासी निस्क्वाली लोकांशी स्नेह जोडला.

१८५२ साली नव्या वसाहतकऱ्यांची रीघ लागली व धान्य दुर्मिळ झाले. व्यापारी बुश यांचे सारे पीक चढ्या भावाने घेण्यास तयार होते. बुश यांनी नकार दिला, आणि जवळ पैसा नसलेल्या नवागतांना खाण्यासाठी व बियाण्यासाठी धान्य दिले.

त्यांची स्वतःची जमीन मात्र धोक्यात होती. १८४६ च्या तहाने तो मुलूख अमेरिकेकडे आला होता, आणि १८५० च्या जमीनविषयक कायद्यात काळ्या माणसाला मालकी नव्हती. तेव्हा तेथील विधिमंडळाने राष्ट्रीय काँग्रेसला विनंती केली. १८५५ मध्ये खास कायदा होऊन ६४० एकर जमीन बुश दांपत्याची ठरली.

मतदानाचा हक्क त्यांना मिळालाच नाही. १८६३ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १८८९ साली वॉशिंग्टन राज्य स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या विधिमंडळात बुश यांचे थोरले चिरंजीव विल्यम हे निवडून आलेले सभासद होते.